धावत्या रणगाड्यावर रॉकेटचा नेम कसा धरावा

युद्धाच्या व्हिडिओ गेममध्ये रायफल उत्तम चालवणारा खेळाडूसुद्धा हाती रॉकेट लाँचर आला की चुकतो, कारण तो रॉकेटलाही गोळीच समजतो. रॉकेट संथ असते आणि वाटेत खाली झुकते. प्रत्यक्षातल्या आरपीजी-७ या खांद्यावरून डागायच्या लाँचरचे रॉकेट नळीतून सेकंदाला सुमारे ११५ मीटर वेगाने निघते व मोटार पेटल्यावर ३०० च्या जवळ पोहोचते. काही गेममध्ये हा वेग बराच कमी ठेवलेला असतो.

समजा, गेममधील रॉकेट सेकंदाला १०० मीटर जाते आणि १५० मीटरवर एक रणगाडा ताशी ३६ किलोमीटर वेगाने आडवा चालला आहे. रॉकेट पोहोचायला दीड सेकंद लागेल, तेवढ्यात रणगाडा १५ मीटर पुढे सरकलेला असेल; म्हणजे तोफेची नळी सोडून टी-७२ रणगाड्याची जी लांबी भरते, तिच्या दुपटीहून थोडे जास्त. म्हणून नेम रणगाड्याच्या मध्यापासून तेवढ्या पुढच्या मोकळ्या जागेवर धरावा. दादर ज्वारीच्या शेतात उडत्या थव्यावर गोफण फिरवणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

झुकाव मात्र अधिक फसवा असतो, कारण तो वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: खऱ्या गुरुत्वाकर्षणात एका सेकंदात ५ मीटर, तर दोन सेकंदांत जवळजवळ २० मीटर. गेमचे आकडे वेगळे असले तरी प्रमाण बहुधा हेच राहते. सराव करताना एकाच भिंतीवर ५०, १०० आणि २०० मीटरवरून रॉकेटे सोडावीत आणि प्रत्येक वेळी नेम किती वर धरावा लागला, हे वहीत लिहून ठेवावे.

पण अंतरच ओळखता आले नाही, तर ही वही निरुपयोगी ठरते. जळगाव-भुसावळ गाडीत खिडकीशी बसून डोळ्यांना सवय लावता येते. रुळांलगतच्या विजेच्या दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर अंतर असते, वळणावर त्याहून कमी.

पायदळावर नेम धरताना छातीऐवजी पायाजवळची जमीन किंवा मागची भिंत निवडावी, म्हणजे थेट फटका हुकला तरी स्फोटाची झळ लागते. रणगाड्याची बाजू किंवा पाठ गाठावी, कारण समोरचे चिलखत सर्वांत जाड असते.

नेम चुकला की नेटला दोष देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. परंतु ८० मिलिसेकंदांच्या विलंबात वरचा रणगाडा एक मीटरही सरकत नाही. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तापलेला लॅपटॉप अडखळतो, ही तक्रार अधिक खरी आहे. तेव्हा सराव पहाटे करावा.

रॉकेट सोडताच जागा बदलावी, कारण धुराची रेघ आपल्याच खिडकीकडे बोट दाखवत असते.