खडखड कुठली ते आधी ओळखा, मग क्लचला हात लावा : जुन्या एमएक्स-5 साठी

माझदाची पहिल्या पिढीची एमएक्स-5 म्हणजे 1989 ते 1997 ची, अमेरिकेत मियाटा आणि जपानात युनोस रोडस्टर म्हणून विकलेली गाडी. हिच्यात खडखड सुरू झाली की लोक थेट गिअरबॉक्स उतरवायला निघतात. पण निम्मं निदान डाव्या पायानेच होतं आणि त्याला पाच मिनिटं पुरतात.

गाडी मोकळ्या, सपाट जागेवर उभी करा आणि इंजिन चांगलं गरम होऊ द्या. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, काचा खाली करा. आधी क्लचच्या पेडलला पाय न लावता ऐका. मग पेडल अगदी सावकाश खाली न्या आणि आवाज नेमका कुठे बदलतो ते पकडा.

पेडल दाबल्यावर खुळखुळ थांबली, तर आवाज गिअरबॉक्सच्या आतला आहे. क्लच सुटला, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनपासून वेगळा झाला, की इनपुट शाफ्ट (इंजिनकडून गिअरबॉक्सात येणारा दांडा) थांबतो, म्हणून आवाजही थांबतो. आयडलवरची हलकी खुळखुळ बहुतेक वेळा गिअरच्या दातांमधल्या मोकळ्या जागेची असते, तिने काही बिघडत नाही. जाडसर गुरगुर असेल आणि ती आरपीएमबरोबर (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांबरोबर) वाढत असेल, तर बेअरिंगवर संशय घ्या. पहिला उपाय तेल बदलण्याचा. पाच गिअरच्या बॉक्सला सुमारे 2 लिटर 75डब्ल्यू-90 जाडीचं गिअर ऑइल लागतं, आणि ते जीएल-4 दर्जाचं घ्या. जीएल-5 मधली काही रसायनं पितळी सिंक्रोनायझरला (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) मानवत नाहीत.

उलट, पेडलवर भार पडताच चर्रर्र सुरू झालं, तर ते रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून गिअर टाकल्यावरच किंचाळी येत असेल, तर पायलट बेअरिंग, म्हणजे इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणारं बेअरिंग पाहा. त्या क्षणी फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक) फिरत असतं आणि शाफ्ट थांबलेला असतो, त्यामुळे ते बेअरिंग तेव्हाच कामाला लागतं. या दोन्हींचा आवाज पेडलच्या सेटिंगने जात नाही. या गाडीचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे फ्लुइडच्या दाबावर चालणारा आहे, रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) बोटांना कायम हलकं टेकलेलं असतं. आवाज दाबायला म्हणून पेडलचा रॉड फिरवत बसू नका.

पेडलने काहीच फरक पडत नाही? मग क्लच सोडून द्या. थंड गाडीखाली जाऊन सायलेन्सरच्या पाइपवर आणि हीट शील्डवर मुठीने टकटक करा. पत्रा गंजून बोल्टभोवतीचं भोक मोठं झालेलं असतं आणि तो ठरावीक आरपीएमला थरथरतो. पाइपला वेढा घालेल एवढी स्टेनलेसची होज क्लिप लावून आवळली की काम झालं. वरून, व्हॉल्व्ह कव्हरखालून टिकटिक येत असेल तर ती हायड्रॉलिक लिफ्टरची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या, ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या भागांची. इंजिन ऑइल वेळेवर बदललं की ती बऱ्याचदा कमी होते.

आता क्लच पेडलचं सेटिंग. फूटमॅट काढा. त्याची घडी पेडलखाली आली तर सगळी मापं चुकतात. मोकळ्या पेडलच्या पॅडपासून कार्पेटपर्यंत 175 ते 185 मिमी उंची हवी. ती कमीजास्त असेल तर पेडलच्या वरच्या टोकाचा स्टॉपर लॉकनट सैल करून फिरवा. त्यानंतर पेडल एका बोटाने हलकेच ढकला. रॉड मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने फ्लुइड ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) पिस्टनला टेकेपर्यंत पॅड 0.6 ते 3 मिमी सरकायला हवं, हाच प्ले. डॅशबोर्डखाली डोकं घालून, टॉर्च धरून पुशरॉडचा लॉकनट सोडा आणि रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा. रॉड लांब झाला की प्ले कमी होतो. प्रत्येक वेळी पुन्हा मोजा, शेवटी लॉकनट घट्ट करा.

प्ले शून्यावर आणण्याचा मोह मात्र टाळाच. क्लच लवकर सुटतो म्हणून ते बरं वाटतं. पण रॉडने पिस्टन जरासा जरी पुढे दाबून धरला, तरी तो पूर्ण मागे येत नाही आणि फ्लुइडच्या डब्याकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलंच राहतं. इंजिनच्या उष्णतेने फ्लुइड फुगतं, त्याला परतीची वाट नसते, दाब स्लेव्ह सिलिंडरवर (गिअरबॉक्सपाशी क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरवर) जातो आणि तुमचा पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा सुटलेला राहतो. चढावर आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही, जळका वास येतो. चांगली क्लच प्लेट अशी वाया गेलेली पाहून खरंच वाईट वाटतं.

मापं बरोबर असूनही रिव्हर्स टाकताना कचकच होत असेल, तर गिअरबॉक्सच्या बाजूच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट उचलून बघा. हा या गाडीचा ठरलेला कमकुवत भाग आहे. आत ओल दिसली की नवा घाला, दोनच बोल्ट आहेत. नंतर हवा काढायला मदतीला कोणीतरी लागतं: एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) उघडून बंद करायचा, आणि त्यानंतरच पेडल वर सोडायचं. डॉट 3 किंवा डॉट 4 फ्लुइड चालतं, डबा मध्येच रिकामा होऊ देऊ नका. सांडलेलं फ्लुइड लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं. पेडल पूर्ण दाबल्यावर स्लेव्हचा रॉड 12 मिमीच्या आसपास सरकला पाहिजे. फारच कमी सरकत असेल तर हवा राहिली आहे किंवा मास्टर सिलिंडरची रबरं गेली आहेत.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग एकदमच बदला. सुटे भाग मागवताना इंजिन सांगा: 1.6 लिटरच्या इंजिनाची प्लेट 200 मिमीची आहे, 1.8 ची 215 मिमीची. फ्लायव्हीलचे बोल्ट तिरप्या क्रमाने, 96 ते 103 न्यूटन-मीटरला आवळायचे.