ॲपलच्या मॅक कंप्युटरला व्हायरस लागत नाही म्हणे!
सांगलीत मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीपासून विश्रामबागेतल्या डीटीपीवाल्यापर्यंत एकच ऐकायला मिळतं, मॅक घेतलाय आता व्हायरसचं टेन्शन नाय. अहो २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या ट्रोजनने (व्हायरससारखंच घातक सॉफ्टवेअर) सहा लाखांच्या आसपास मॅक धरले होते, जावा नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून शिरायचा, पासवर्ड नाही दिला तरी शिरायचाच. लिनक्सवाल्यांनो (विंडोजसारखीच ही एक ऑपरेटिंग सिस्टीम) तुम्ही पण लय हसू नका, २०१६ चा मिराय नावाचा व्हायरस लिनक्सवर चालणारे कॅमेरे आन राऊटरच पकडत होता, कारण कंपनीनं आधीच टाकून दिलेला पासवर्ड कोण बदलतंय (दुकानातला सीसीटीव्ही बघा जरा, अॅडमिन-अॅडमिनच असेल). तर अपडेट आलं की 'नंतर' दाबू नका, क्रॅक सॉफ्टवेअर टाकू नका, आणि एखाद्या ॲपने उगाच मॅकचा पासवर्ड मागितला तर कशाला पाहिजे ते आधी बघा.