दंडाच्या फ्रॅक्चरला ब्लॉक देताना या चुका टाळा

ब्लॉक म्हणजे नसांभोवती औषध टोचून हात बधिर करणं. पहिली चूक सुई हातात घेण्याआधीच होते. एक्स-रे नीट न पाहता सवयीचा ब्लॉक दिला जातो. हाड खांद्यालगत मोडलं असेल तर इंटरस्केलीन (मानेतून दिला जाणारा ब्लॉक) चांगला. मध्यावर किंवा कोपराकडे मोडलं असेल तर सुप्राक्लॅविक्युलर (कॉलरबोनच्या वर दिला जाणारा) घ्या, कारण इंटरस्केलीनमध्ये अल्नर नर्व्ह (करंगळीकडे जाणारी नस) बरेचदा बधिर व्हायची सुटते. काखेतला ब्लॉक मनगट-पंजासाठी ठीक, दंडाच्या प्लेटिंगला (हाडाला धातूची पट्टी बसवायला) पुरत नाही.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते. 20 मिली औषधाने इंटरस्केलीन दिला की त्या बाजूचं श्वासपटल जवळजवळ प्रत्येकाचं लुळं पडतं. धडधाकट शेतमजुराला ते जाणवतही नाही. पण मेळघाटातून आलेली, जन्मभर चुलीच्या धुरात बसलेली, टीबी होऊन गेलेली आजी टेबलावर आडवी होताच धापा टाकू लागते, आणि व्हेंटिलेटर असतं दूर अमरावती-नागपूरला. म्हणून आधी विचारा, "आजी, पाणी भरून आणताना दम लागते का जी?" लागत असेल तर इंटरस्केलीन टाळा. औषध 5-10 मिलीवर आणलं तरी धोका पूर्ण जात नाही. सुप्राक्लॅविक्युलरमध्येही तो असतो, फक्त कमी. फ्रॅक्चर कोपराजवळ असेल तर इन्फ्राक्लॅविक्युलर (कॉलरबोनच्या खाली दिला जाणारा) जास्त सुरक्षित.

ब्लॉक उत्तम बसूनही चीर देताच रुग्ण ओरडला, तर दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा तपासा. तिथली इंटरकोस्टोब्रॅकियल नर्व्ह ब्रॅकियल प्लेक्ससमध्ये (ब्लॉकने बधिर होणाऱ्या, हाताच्या नसांच्या जाळ्यात) येतच नाही. काखेजवळ त्वचेखाली बधिर करणारं थोडं औषध (लोकल) द्या. आणि ब्लॉकनंतर वीसेक मिनिटं थांबा. सर्जनच्या घाईपायी अर्धवट ब्लॉकवर चीर देऊ देऊ नका.

डोस वजनावर काढा, अंदाजाने नको. आपल्याकडे 40 किलोच्या बाया कितीतरी येतात. बधिर करणारं बुपिव्हाकेन किलोमागे 2 मिग्रॅ धरलं तर त्यांना 0.5 टक्क्याचं 16 मिलीच बसतं. या औषधाची विषबाधा झाली तर द्यायचं लिपिड इमल्शन खोलीतच हवं, कपाटाच्या किल्ल्या शोधायची वेळ येऊ नये.

ब्लॉकआधी रुग्णाला मनगट वर उचलायला लावा आणि ते केसपेपरवर लिहा. मनगट उचलणारी रेडियल नर्व्ह दंडाच्या हाडाला खेटून जाते. ती फ्रॅक्चरमध्येच दुखावली असेल तर नंतर दोष ब्लॉकवर येतो. टूर्निकेट (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) लागणार असेल तर सिकलसेलची तपासणी आधी करा, विदर्भात तर नक्कीच.

ब्लॉक बहुधा रात्री उतरतो. वेदनेची गोळी त्याआधीच द्या, हात झोळीत ठेवा आणि बधिर हात खाटेखाली लोंबू देऊ नका, हे नातेवाइकाला समजावून सांगा.