बालवाडीत हाताचे ठसे: नव्या ताईंसाठी

दर जूनमध्ये बालवाडीत नव्या ताई येतात आणि पहिल्या आठवड्यातच त्यांच्या वहीत ‘हाताचे ठसे’ हा उपक्रम लिहिलेला दिसतो. दिसायला सोपा आहे. ताटलीत रंग, रंगात पंजा, पंजा कागदावर, वर एक डोळा काढला की मासा तयार. पण वर्गात पंचवीस मुलं, मदतीला एक मावशी आणि नळाचं पाणी अकरा वाजता जाणार असेल, तर त्या माशाला गाठेपर्यंत ताईचा घसा बसतो. त्यामुळे माझ्याकडे विचारायला येणाऱ्या ताईंना जे तोंडी सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. मुलाचं मनगट धरून, त्याची बोटं एकेक करून सरळ करून, आपणच कागदावर दाबायची असतील, तर तो उपक्रम करूच नका. त्यात मुलाचा फक्त हात वापरला जातो. भिंतीवर पंचवीस एकसारखे मासे लागतात, संस्थेचे लोक येऊन ‘वा, छान’ म्हणतात, आणि आपला मासा कुठला हे एकाही मुलाला ओळखता येत नाही. मला त्यापेक्षा फिसकटलेला, दोन बोटं जोडलेला, अंगठ्याच्या जागी नुसता डाग पडलेला ठसा आवडतो. तो दाखवून मूल लगेच म्हणतं, “हा माझा.”

आता तयारी. खरं काम इथेच असतं, ठसा उमटवायला तर क्षण पुरतो. एका वेळी चार-पाच मुलंच बसवा. बाकीच्यांना मातीकाम, ठोकळे किंवा मावशींबरोबर बडबडगीतं असं काहीतरी लावून द्या, आणि ‘तुमची पाळी येणार आहे’ हे सांगून खरोखर आणा. लहान मुलं पाळी विसरत नाहीत. जागा नळाजवळची किंवा ओट्यावरची घ्या. खाली जुनी चादर अंथरा, प्लॅस्टिक नको, त्यावर ओला पाय घसरतो. घरून वडिलांचा जुना शर्ट मागवा आणि तो उलटा घाला, बटणं पाठीकडे. बाह्या कोपरापर्यंत दुमडून द्या. हा एप्रन विकतच्यापेक्षा चांगला, आणि बाबांचा शर्ट घातल्याचा तोरा वेगळाच.

हात धुण्यासाठी बादली भरून ठेवायची सवय असेल तर ती मोडा. चालायला नुकतंच लागलेलं मूल थोड्याशा पाण्यातही तोंडावर पडून बुडू शकतं. बादलीत तळाला पुरेल एवढंच पाणी, बाजूला मग, आणि काम संपल्याबरोबर बादली रिकामी करून पालथी. दोन ओली फडकी आणि एक कोरडा पंचा आधीच काढून ठेवा. रंगलेल्या हाताचं मूल सोडून तुम्ही पंचा शोधायला गेलात, की परत येईपर्यंत भिंतीवर, शेजारणीच्या वेणीवर आणि डब्याच्या पिशवीवर ठसे उमटलेले असतात.

रंग साधा पोस्टर कलर घ्या, बाटलीवर लहान मुलांसाठी बिनविषारी असल्याचं लिहिलेलं बघून. त्यात पाणी जपून घाला. ताकापेक्षा घट्ट, दह्यापेक्षा पातळ एवढं प्रमाण जमलं की झालं. ताटलीत थेंबभर भांड्यांचा लिक्विड साबण मिसळला की हात पटकन निघतात. रांगोळीचे रंग, रंगपंचमीचे उरलेले रंग, ऑइल पेंट, कपडे रंगवायची पुडी यांतलं काहीही मुलांच्या हाताला लावू नका. चमकीही नको. ती डोळ्यांत जाते आणि पुढचे आठ दिवस गाद्यांतून निघत राहते. हातावर खरचटलं असेल, खरूज किंवा पुरळ असेल, तर त्या मुलाला त्या दिवशी पेन्सिल द्या आणि कागदावर पंजा ठेवून भोवती रेघ मारू द्या. तेही ठशाचंच काम आहे.

रंगात हात बुडवायचा नाही, एवढं लक्षात ठेवा. बुडवलेल्या हाताचा ठसा उमटत नाही, थारोळं उमटतं. भांडी घासायचा नवा स्पंज पसरट ताटलीत ठेवा, त्यावर रंग ओतून मुरू द्या. मुलाने त्यावर पंजा टेकवला की हाताला हवा तेवढाच रंग लागतो. कागद जाड हवा. ड्रॉइंग शीट महाग वाटत असेल तर लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू किंवा साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे चालतात. कागदाखाली पंच्याची एक घडी ठेवा. तळहाताच्या खळग्यात रंग लागतो पण कडक फरशीवर तो भाग कागदाला टेकत नाही, आणि पंजा मधोमध कोरा राहतो. खाली मऊ असेल तर तोही उमटतो. मुलं स्वभावतः थाप मारतात. “पोळपाटावर भाकरी नाही थापायची, झोपलेल्या बाळावर हात ठेवतात तसा ठेव,” असं मी म्हणते. मग हात हळू ठेवला जातो. उचलताना कागदाची कड आपण धरायची, आपला हस्तक्षेप इथपर्यंतच.

काही मुलं रंगाला हात लावायलाच तयार नसतात. चिकट, गार, ओलं त्यांना सोसत नाही. वरणभात कालवतानाही ती बोटांची टोकंच वापरतात. ‘सगळे करतात, तू पण कर’ हे वाक्य अशा मुलापुढे पूर्ण बंद करा. त्याला आधी बघू द्या, मग ब्रश देऊन तुमच्या तळहाताला रंग लावायला सांगा. ताईचा हात रंगवायला मिळतो म्हटल्यावर बहुतेक जण पुढे येतात. आमच्याकडचा एक मुलगा कितीतरी दिवस फक्त माझाच हात रंगवत होता, अगदी नखांच्या कडांपर्यंत, गवंड्यासारखा मन लावून. मग एकदा त्याने स्वतःची करंगळी स्पंजला लावली, कागदावर टेकवली, आणि फडक्याला पुसून परत ठोकळ्यांकडे गेला. त्याच्या कागदावर एक ठिपका होता. खाली नाव लिहून मी तो तसाच बाकीच्या पंजांबरोबर लावला. पालकसभेत त्याच्या आईने विचारलं तेव्हा काय झालं ते सांगितलं, आणि तिला ते पंजापेक्षा जास्त समजलं.

ठशातून चित्र कसं करायचं, याचे नमुने सगळीकडे सापडतात. पंजा उलटा केला, बोटं खाली, तर चार बोटांचे चार पाय आणि अंगठ्याची सोंड, म्हणजे हत्ती. आडवा केला तर मासा. अंगठ्याची मान आणि पसरलेल्या बोटांचा पिसारा, की मोर. मनगटापासून कोपरापर्यंत रंग लावला तर खोड आणि फांद्यांसकट झाड. हे चार येत असले तरी पुरेत. पण ‘आज आपण हत्ती करू’ म्हणून सुरुवात करू नका. आधी ठसा उमटू दे, वाळू दे, मग कागद मुलापुढे चारी बाजूंनी फिरवा आणि विचारा, काय दिसतंय?

मोठ्या शिशूतल्या एका मुलीचा पंजा अगदी फर्मास हत्ती झाला होता. मी मोहाने म्हटलं, “हत्तीला डोळा कुठे काढायचा गं?” ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “ह्यो हत्ती न्हाय. आमची शेळी हाय. हितं दावं हाय बघा.” अंगठा म्हणजे सोंड नव्हती, दावं होतं. पुढे तिने त्या दाव्याच्या टोकाला खुंटा काढला, खुंट्याशेजारी पाला, आणि ‘आज्जी आत झोपलीया’ म्हणून कोपऱ्यात एक चौकोन. या कामात मला जे काही मिळतं ते असं मिळतं. नमुना समोर ठेवला असता तर शेळी आली नसती.

वयाचं थोडक्यात. अगदी तान्ह्या बाळाचा ठसा आई-बाबांना फार हवा असतो, पण पाच-सहा महिन्यांपर्यंत बाळाच्या तळव्याला काही टेकलं की मूठ आपोआप मिटते. त्यामुळे पाऊल घ्या, ते सोपं. हातच हवा असेल तर पालथ्या हातावरून हळूच बोट फिरवलं की मूठ सैल होते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला चित्राशी काही देणंघेणं नसतं, त्याला फासू द्या. तिसऱ्या वर्षी ठसा ‘माझा’ होतो. चार-पाचच्या मुलांना दोन रंग द्या: एका तळहातावर पिवळा, दुसऱ्यावर निळा, आणि म्हणा, चोळा. हात उघडले की हिरवे. हे आधी फोडू नका.

पावसाळ्याचं मात्र नीट ऐका. जुलै-ऑगस्टमध्ये पोस्टर कलर वाळता वाळत नाही, कागद वळतो, आणि पिठाची खळ करून त्यात रंग मिसळला असेल तर दोन दिवसांत बुरशी धरते. त्या दिवसांत रंगाचा थर पातळ ठेवा, एकावर एक कागद रचू नका, खोलीत दोरी बांधून चिमट्यांनी टांगा. खळीचे प्रयोग दिवाळीनंतर.

थंडीत आम्ही गेरू आणि तांदळाचं काम करतो. कागद किंवा पुठ्ठा गेरूने सारवून वाळवायचा. तांदळाची पिठी पाण्यात कालवायची, त्यात थोडं डिंकाचं पाणी, नाहीतर वाळल्यावर पापुद्रे पडतात. हा ठसा ओला असताना जेमतेम दिसतो. मुलं हिरमुसून म्हणतात, “ताई, उठलंच नाही.” त्यांना डबा खायला पाठवायचं. परत येईपर्यंत पिठी वाळून पांढराशुभ्र पंजा उमटलेला असतो. वारली चित्रांचा गेरू आणि तांदूळ तो हाच. त्याच वारली मुलुखात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला बालवाड्या चालवल्या. परिसरात जे मिळतं, म्हणजे पानं, बिया, खडे, माती, तेच त्यांनी साधन म्हणून वापरलं. खोकंभर साहित्य आल्याशिवाय उपक्रम सुरू करता येत नाही असं वाटत असेल तर त्यांचं काम जरूर वाचा. आणि खेड्यातल्या मुलांना तर ठसा नवा नसतोच. भिंतीवर थापलेल्या गोवरीवरची आईची बोटं त्यांनी रोज पाहिलेली असतात, बेंदराला बैलाच्या अंगावर रंगाचे ठसे मारलेले असतात. तिथून गप्पा सुरू करा.

वाळलेले कागद मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, ऑफिसबाहेरच्या बोर्डावर पाहुण्यांसाठी नव्हे. मागे पेन्सिलने नाव आणि तारीख घाला. जूनचा एक ठसा जपून ठेवला आणि मार्चमध्ये त्यावर पुन्हा हात ठेवायला लावला, तर बोटं बाहेर आलेली बघून मुलं स्वतःच मोजू लागतात, कोणाची किती वाढली. तिथून विती आणि बोटांनी चटई मोजण्याकडे सहज जाता येतं.

स्नेहसंमेलनासाठी शंभर ठशांचं तोरण मागितलं जाईल, तेव्हा नम्रपणे ‘किती दिवस आधी सांगाल’ असं विचारून घ्या. एका दिवसात शंभर हात उमटवायचे म्हणजे पुन्हा मनगटं धरणं आलं. आणि पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचाच असेल तर काम करताना हातांचा टाका, तयार चित्रं ओळीने लावून नको. लगेच तुलना सुरू होते, आणि संध्याकाळी घरी कोणीतरी विचारतं, “तुझाच असा का?”

शेवटी हळदीचा ठसा, कारण तो सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त तक्रारी आणणारा. हळद पाण्यात कालवून पिवळे पंजे उमटवा, वाळू द्या. मग साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून मुलांना त्यावरून फिरवू द्या. पिवळ्याचं तांबडं होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात त्यातलीच ही करामत, पण चुना मुलांच्या हातात अजिबात द्यायचा नाही, तो कातडी आणि डोळे भाजतो. साबण पुरतो. हा ठसा भिंतीवर उन्हात लावला तर फिका पडत जातो, म्हणून जपायचा असेल तर वहीत ठेवा.

तक्रार येते ती गणवेशाची. पांढऱ्या शर्टावर हळद लागते, घरी साबण लावला की डाग लालभडक होतो, आणि रात्री आठ वाजता फोन: “ताई, काय लावलंत हो पोरीच्या कपड्यांना?” त्यामुळे आदल्या दिवशीच निरोप पाठवा की उद्या हळद आहे, जुने कपडे घाला, डाग पडलाच तर धुताना लाल होईल, घाबरू नका, भरपूर पाण्यात खळबळून कडक उन्हात वाळत घाला. बहुतेक डाग एक-दोन उन्हांत जातो.