माजी सैनिकाच्या घरातले दात

रात्रीचं ब्रश चुकवू नका. झोपेत लाळ कमी सुटते, किडीला तेच हवं असतं. फ्लोराइडची पेस्ट 3 वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढीच, त्यानंतर वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही (आजोबांना हे पटवणं सर्वांत अवघड!). साधारण सहाव्या वर्षी मागे उगवणारी दाढ कायमची असते. दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

2003 पासून सुरू असलेल्या ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पेन्शनर माजी सैनिकाची पत्नी आणि अवलंबून असलेली मुलं, आईवडीलही येतात. खासगी दवाखान्यात परस्पर जाऊ नका. आधी योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून (दवाखान्यातून) रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, घ्या, नाहीतर बिल अडकतं. मुलाचं कार्ड पंचविशी, लग्न किंवा नोकरी, जे आधी येईल तोवरच चालतं. त्याच्या दाढांची कामं त्याआधीच उरका.