थंडीची लाट येण्याआधी अव्होकॅडोची आळी भिजवा

निफाड-दिंडोरी पट्ट्यात थंडीच्या लाटेत पारा ४ ते ५ अंशांवर उतरतो. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर असतो, त्यामुळे वारा पडलेल्या निरभ्र रात्री सखल वावरातले जमिनीलगतचे पान त्याहून तीन-चार अंशांनी गार होऊन पहाटे त्यावर हिमकण धरू शकतात. हास जातीचे वाढलेले झाड उणे १ अंशाच्या आसपास तग धरते आणि फुएर्ते त्याहून काटक आहे, परंतु पहिल्या दोन वर्षांच्या कलमांना एवढी थंडी सोसत नाही.

कलमे मरताना मी पाहिली ती बहुतेक कोरड्या आळ्यांतली. मूळकुजीच्या धास्तीने शेतकरी दिवाळीनंतर पाणी तोडतात. पावसाळ्यात ही धास्ती रास्त आहे, डिसेंबरात तीच झाडाच्या मुळावर येते. ओली जमीन दिवसभराची ऊब साठवून रात्री झाडाला परत देते, कोरड्या जमिनीजवळ देण्यासारखे फारसे नसते. एकाच बागेत ठिबकची नळी तुंबलेल्या ओळीची पाने सकाळी उकळलेल्या पालकासारखी लोंबत होती आणि दुपारपर्यंत चहाच्या चोथ्याच्या रंगाची झाली, तर शेजारची भिजलेली ओळ हिरवी उभी होती.

म्हणून लाटेचा इशारा मिळताच आदल्या दिवशी दुपारच्या आत पूर्ण आळे असे भिजवावे की वरचा फूटभर थर ओला होईल, पण पाणी साचणार नाही. ठिबकचे दोन थेंब त्यासाठी पुरत नाहीत. वीज रात्रपाळीची असेल तर पहाटे विहिरीचे पाणी चालू ठेवावे, कारण ते हवेपेक्षा कोमट असते. बुंध्याभोवतीचे पाचट त्या दिवसांपुरते बाजूला ओढावे, नाहीतर जमिनीची ऊब त्याखालीच अडकते.

रात्री नऊला मोटरसायकलच्या सीटवर दव नसेल आणि वाराही नसेल, तर ती रात्र अधिक घातक समजावी, असा माझा अंदाज आहे. त्याला शिफारशीचा आधार मागू नये.

इतर कामे:
- ऑक्टोबरनंतर युरिया बंद.
- कलमाच्या सांध्यावर गोणपाट.
- लहान झाडांवर रात्री शेडनेट, सकाळी काढणे.
- खोडाला १० टक्के बोर्डो पेस्ट: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.

‘थंडीरोधक’ म्हणून दुकानदार जे टॉनिक पुढे करतो, त्याच्या बाटलीच्या किमतीत दोन-चार झाडांचे शेडनेट येते. आळे कोरडे असताना त्या फवारणीने झाड वाचलेले मी एकदाही पाहिलेले नाही.

झाड करपलेच, तर लगेच कात्री लावू नये. फेब्रुवारीअखेर फुटवे दिसेपर्यंत वाळलेली पाने तशीच राहू द्यावीत, कारण पुढच्या थंडीत आतल्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, तेवढाच आडोसा असतो, आणि फांदी नेमकी कुठपर्यंत मेली आहे हे फुटवा निघाल्यावरच कळते.