जुन्या मेलचा 'टिंग' शोधून मोबाइलवर कसा आणावा

विंडोजच्या जुन्या मेल प्रोग्रॅमवर, आउटलुक एक्स्प्रेसवर, नवा मेल आला की वाजायचा तो आवाज परत हवा असेल, तर बहुतेक जण आउटलुक एक्स्प्रेसच्याच फोल्डरमध्ये शोधतात आणि हात हलवत परत येतात. तो आवाज त्या प्रोग्रॅमचा नव्हताच. मेल आला एवढं प्रोग्रॅम विंडोजला कळवायचा. काय वाजवायचं ते विंडोज ठरवायचं. विंडोज एक्सपीवर ती फाइल होती 'विंडोज एक्सपी नोटिफाय', विंडोज 2000 वर नुसती 'नोटिफाय'. दोन्ही वॅव्ह, म्हणजे आवाजाच्या फाइली, आणि दोन्हींचा मुक्काम विंडोज फोल्डरातल्या 'मीडिया' फोल्डरमध्ये. (विंडोज 2000 मध्ये विंडोज फोल्डरचंच नाव 'विनएनटी' असायचं, हे लक्षात ठेवा.)

म्हणून माळ्यावरचा सीपीयू खाली उतरवण्याआधी आत्ता वापरात असलेल्या कॉम्प्युटरवर सी ड्राइव्ह, विंडोज, मीडिया असं जाऊन बघा. 'नोटिफाय', 'चाइम्स', 'डिंग', 'कॉर्ड', 'टाडा' या जुन्या फाइली विंडोज 10 मध्येही तिथेच आहेत. एकेक वाजवून पाहा. अर्ध्या लोकांचं काम इथेच होतं.

जुना डबा उघडायचाच असेल तर

कोकणात आधी गंजाचा विचार करायचा. खाऱ्या, दमट हवेत दोन-चार पावसाळे काढलेल्या हार्ड डिस्कच्या पिनांवर हिरवट थर बसतो. ही डिस्क थेट सुरू करू नका. काढून एक दिवस कोरड्या खोलीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा. पेट्रोल, रॉकेल नको. झाकणावर एक बारीक भोक असतं. ते हवेचा दाब सारखा राहावा म्हणून असतं. त्यात अल्कोहोल जाऊ देऊ नका आणि वर चिकटपट्टीही लावू नका.

जुना सीपीयू चालू करण्यापेक्षा डिस्क काढून यूएसबी ॲडॉप्टरने नव्या कॉम्प्युटरला जोडणं बरं. रुंद पट्टीची केबल आणि 40 पिना असतील तर ती आयडीई, अरुंद एल आकाराचा सॉकेट असेल तर साटा. साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात. ते यूएसबीतून मिळत नाहीत, त्यामुळे स्वतंत्र ॲडॉप्टर असलेलाच संच घ्या. आयडीई डिस्क दिसतच नसेल तर मागचा जंपर (पिनांवर बसवलेली इवलीशी टोपी) 'मास्टर'वर आहे का ते बघा. बऱ्याचदा घोळ तिथेच असतो. विजांचा कडकडाट चालू असताना हे काम काढू नका, आणि एरवीही यूपीएसवरच करा. कॉपी चालू असताना लाइट गेली की जुनी डिस्क कायमची बसू शकते.

विंडोजने 'ही डिस्क फॉरमॅट करायची का' असं विचारलं तर नाही म्हणा. 'परवानगी नाही' असं आलं तर 'कंटिन्यू' दाबा. जुन्या यूजरचं फोल्डर कुलूपबंद असतं, एवढंच. आत गेल्यावर आधी अख्खं मीडिया फोल्डर उचलून आणा. नंतर पूर्ण डिस्कवर वॅव्ह फाइली शोधा आणि आकाराने लावा. 22,050 हर्ट्झ, 16 बिट, एका चॅनेलच्या आवाजाला सेकंदाला सुमारे 44 केबी लागतात. 11,025 हर्ट्झ, 8 बिट असेल तर 11 केबी. म्हणजे सेकंद-दीड सेकंदाचा टिंग 10 ते 70 केबीच्या आसपास असणार. दोन चॅनेल असतील तर आकडा दुप्पट धरा. 5 एमबीची वॅव्ह म्हणजे कुणीतरी उतरवून ठेवलेलं गाणं.

मुलांनी तेव्हा आवाज बदलून ठेवला असेल, तर नेमकी कुठली फाइल लावली होती ते रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, सांगते. जुन्या यूजरच्या फोल्डरातली लपवलेली 'एनटीयूजर डॉट डॅट' फाइल आधी कॉपी करून घ्या. रजिस्ट्री एडिटरमध्ये 'एचकी यूजर्स' निवडून 'लोड हाइव्ह'ने ती कॉपी उघडा, काहीही एक नाव द्या. मग आत ॲपइव्हेंट्स, स्कीम्स, ॲप्स, डॉट डिफॉल्ट, मेलबीप, डॉट करंट असं उतरत जा. तिथे फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. काम झालं की 'अनलोड हाइव्ह' विसरू नका. मूळ फाइल थेट उघडली तर विंडोज तिच्यात लिहितं, म्हणून कॉपीचा खटाटोप.

आवाज प्रोग्रॅमच्या पोटात असेल तर

काही प्रोग्रॅम स्वतःचा आवाज ईएक्सई किंवा डीएलएल फाइलमध्येच भरून ठेवत. अशा फाइलवर उजवी क्लिक करून सेव्हन-झिपने (दाबून बसवलेल्या फाइली उघडणारा प्रोग्रॅम) उघडा. आत रिसोर्सचा फोल्डर दिसतो, त्यात 'वेव्ह' नावाचा विभाग असला तर सापडलंच. रिसोर्स हॅकर हा प्रोग्रॅम वापरलात तर आधी वाजवून बघता येतं. काढलेल्या फाइलला एक्स्टेन्शन नसेल तर नोटपॅडमध्ये उघडा: पहिली चार अक्षरं इंग्रजीत 'आर-आय-एफ-एफ' असतील आणि थोडं पुढे 'वेव्ह' असेल, तर नावापुढे वॅव्हचं एक्स्टेन्शन लावून वाजवा. नोटपॅडमध्ये सेव्ह मात्र करू नका, फाइल खराब होते.

विंडोजच्या मूळ सीडीवरून आवाज काढायचा असेल तर फाइलच्या नावातलं शेवटचं अक्षर अंडरस्कोअर झालेलं दिसेल. ती दाबून बसवलेली फाइल असते. विंडोजची 'एक्सपांड' कमांड तिला सुटी करते. सीडीवर बुरशीचे पांढुरके डाग असतील तर मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवून नव्हे. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग बराच डेटा घेऊन जातो.

वापरण्याआधी थोडी डागडुजी

मूळ फाइल बाजूला ठेवा आणि कॉपी ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. सुरुवातीची शांतता कापा, शेवटी एक बारीकसा फेड-आउट द्या, नाहीतर आवाज संपताना 'टक' ऐकू येतं. 'नॉर्मलाइज'ने पातळी उणे 1 डेसिबलवर आणा. होमस्टेच्या बुकिंगचा मेल पडवीत ठेवलेल्या फोनवर वाजावा आणि मागच्या अंगणात ऐकू यावा अशी अपेक्षा असेल, तर जाड, घुमणारा आवाज निवडू नका. फोनच्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत आणि उरलंसुरलं माडांची सळसळ गिळते. बारीक, टोकदार टिंगच लांब जातो. ब्लूटूथ स्पीकर वापरत असाल तर उलट करा, सुरुवातीला अर्धा सेकंद शांतता ठेवा, कारण झोपलेला स्पीकर जागा होईपर्यंत आवाजाचं तोंड कापलं जातं.

एक्सपोर्ट करताना 16 बिट पीसीएम वॅव्ह निवडा. जुन्या वॅव्ह फाइलींमध्ये कधी एडीपीसीएम किंवा जीएसएमसारखं कॉम्प्रेशन असतं. ती कॉम्प्युटरवर वाजते, फोनवर गप्प बसते. नाव एकच, आतला माल वेगळा.

विंडोजवर लावायला कंट्रोल पॅनलमध्ये साउंड उघडा, 'साउंड्स' टॅबवर जा. इथे 'न्यू मेल नोटिफिकेशन' आणि 'डेस्कटॉप मेल नोटिफिकेशन' अशा दोन नोंदी दिसतील. जुन्या पद्धतीच्या आउटलुकला दुसरी लागू होते. लोक पहिली बदलतात आणि काहीच होत नाही म्हणून वैतागतात. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमला हे काहीच लागत नाही, त्याच्या सेटिंग्जमध्ये स्वतःची फाइल निवडता येते.

अँड्रॉइडवर फाइल यूएसबी केबलने इंटरनल स्टोरेजच्या 'नोटिफिकेशन्स' फोल्डरमध्ये टाका. व्हॉट्सॲपवरून पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग जीमेलच्या सेटिंग्जमध्ये आपलं खातं, 'मॅनेज नोटिफिकेशन्स', 'मेल', 'साउंड' असं जा. यादीत आवाज दिसला नाही तर फोन एकदा बंद करून चालू करा. आयफोनवर गॅरेजबँड ॲपमध्ये आवाज आणून रिंगटोन म्हणून शेअर करता येतो, मग तो सेटिंग्जमध्ये 'न्यू मेल'ला लावता येतो.

हे आवाज विंडोजसोबत आलेले, म्हणजे मालकी मायक्रोसॉफ्टची. स्वतःच्या फोनवर ठेवायला कुणी विचारत नाही, पण होमस्टेच्या जाहिरातीच्या व्हिडिओत वापरू नका.

सगळं नीट लावूनही मेल अर्ध्या तासाने वाजत असेल तर दोष आवाजाचा नाही. फोनची बॅटरी सेव्हिंग जीमेलला झोपवते. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा आणि दुसऱ्या खात्यावरून स्वतःलाच एक मेल टाकून बघा.